घमेलं डोक्यावर, पाय शिडीवर

(दुसरबीड, ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा येथे बांधकामावर जाणाऱ्या बायांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्य तेवढी तशीच ठेवली आहेत.)



आजच्या बोलण्याचा विषय ठरला आहे, ‘उंचावर काम करताना घ्यायची काळजी’. मघाशी चहा घेताना एक मावशी मला म्हणाल्या, “आम्ही कुठं उंचावर असतो? उंचावर मिस्त्री असतो. आम्ही खाली.” मी विचारलं, मावशी, काल काय काम होतं? तर म्हणाल्या, स्लॅब होता, दिवसभर वर माल दिला. शिडीनं किती खेपा झाल्या? “त्या कोण मोजतं बाप्पा!”

बघा, मिस्त्री सकाळी वर चढतो, जेवायला खाली येतो, पुन्हा चढतो आणि संध्याकाळी उतरतो. दोनदा वर, दोनदा खाली. मावशींच्या खेपा कोणी मोजत नाही, पण त्या मिस्त्रीपेक्षा कितीतरी जास्त वेळा त्या शिडीवर असतात, आणि रिकाम्या हातानं नाही, डोक्यावर ओझं घेऊन. तरी हजेरीत त्यांच्या नावापुढं ‘रेजा’ नाही तर ‘हेल्पर’ लिहिलेलं असतं, आणि रेजा म्हणजे जमिनीवरची मजूर असं सगळ्यांनी धरलेलं आहे. त्यांनी स्वतःसुद्धा. ज्याचं काम ‘वरचं’ मानलं जातं त्याला पट्टा मिळतो, हेल्मेट मिळतं, मजुरीही जास्त मिळते. मला आज जे सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. आपण उंचावर काम करतो हे आधी आपल्या तोंडून आलं पाहिजे.

दुसरबीडला अपघात म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. २० ऑगस्ट २०२१ ला इथून जवळच, तढेगावच्या रस्त्यावर, समृद्धी महामार्गाच्या कामावरचे मजूर घेऊन जाणारा टिपर उलटला. टिपरमध्ये लोखंडी सळ्या होत्या आणि सळ्यांसोबत माणसं. १३ मजूर गेले. बहुतेक परप्रांतातून पोटासाठी आलेले. माल आणि माणूस एकाच गाडीत, हे ज्या कामावर चालतं तिथं माणसाची किंमत मालाइतकीच असते. मग १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे त्याच महामार्गाच्या कामावर, शहापूर तालुक्यात सरळांबे इथं, पुलाचे गर्डर चढवणारं अवजड यंत्र उंचावरून कोसळलं आणि २० जण गेले. हे दोन्ही अपघात वर्तमानपत्रांत आले, मंत्री आले, मदत जाहीर झाली. पण एखादी बाई घरकुलाच्या भिंतीवरून, फळीवरून, शिडीवरून पडते, तेव्हा ती एकटीच पडते. तिची बातमी होत नाही. कमरेचं हाड मोडतं, दोन महिने अंथरुणात जातात, आणि गावात चर्चा होते ती एवढीच, की काहून चढली होती? चक्कर आली असेल. साडी पायात आली असेल.

आता साडीचंच घेऊ. साडी पायात येते हे खरं आहे. म्हणून तर आपण काष्टा मारतो, वर नवऱ्याचा शर्ट घालतो. पण साडी काल आली नाही. ठेकेदाराला ठाऊक असतं की बाई साडी नेसूनच येणार आहे आणि तिच्या पायात झिजलेली स्लीपर असणार आहे. ठाऊक असूनही तो अरुंद फळी टाकतो, आणि बाई पडली की दोष साडीला. चक्करचंही तसंच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्यात साइटवर आडोसा नाही, म्हणून आपण सकाळपासून पाणी पीत नाही. एप्रिल-मे मधलं आपल्याकडचं ऊन. दुपारी दोन वाजता चक्कर येणार नाही तर काय होणार? म्हणून मी म्हणते, साइटवर संडास आणि पिण्याचं पाणी मागणं हीसुद्धा उंचावरच्या सुरक्षेचीच मागणी आहे. गरोदर बाई आणि पाळी जास्त जाते ती बाई, या दोघींना त्या दिवसांत शिडीचं काम देऊ नये. हे मुकादमाला त्या एकट्या सांगू शकत नाहीत, लाज वाटते. सोबतच्या चौघींनी सांगायचं.

आता शिडीकडे येते. शिडीचा जगभरचा पहिला नियम असा आहे की चढता-उतरताना दोन हात आणि दोन पाय या चारांपैकी तीन सतत शिडीला लागलेले असावेत. एक पाय उचलला तर दोन्ही हात धरलेले. तोंड शिडीकडे, पाठ बाहेर. आता हा नियम घमेल्याला लावून बघा. एक हात घमेल्याला, उरला एकच. पाय उचलला की शिडीला लागलेले उरले दोनच, एक हात आणि एक पाय. आणि स्लॅबच्या दिवशी आपण शिडीवर साखळी करून उभ्या राहतो, खालचीनं दिलेलं घमेलं घ्यायचं आणि वरचीला द्यायचं, तेव्हा तर दोन्ही हात घमेल्यातच. शिडीला हात कुणाचाच नाही. एकीचा तोल गेला की तिच्या खालच्या दोघी-तिघी जातात. म्हणजे आपल्याकडची माल चढवायची जी रीत आहे, तिच्यात शिडीचा पहिला नियम पाळताच येत नाही. मग “बाई, जपून चढ” असं सांगून काय उपयोग?

हेल्मेटचं याहून गमतीचं आहे. बांधकाम कामगार मंडळाच्या सुरक्षा संचात हेल्मेट मिळतं. ते घालायचं डोक्यावर. आणि चुंबळ ठेवायची कुठं? तीही डोक्यावर. एकाच डोक्यावर दोन्ही बसत नाही. मिस्त्रीचं डोकं जपायची वस्तू असते, आपलं डोकं हे ओझं वाहायचं अवजार असतं. हा शोध मी नाही लावला, पलीकडच्या तालुक्यात एक रेजा मला म्हणाली, “टोपी घातली तर घमेलं घसरतं, घमेलं घसरलं तर मिस्त्री वरडतो.” तिच्या घरी त्या हेल्मेटमध्ये कांदे ठेवलेले होते. मी हसले, पण तिची अडचण खरी होती.

म्हणून शिडीच्या सुरक्षेची आपली पहिली मागणी अशी पाहिजे: माल शिडीनं जाणार नाही. माणूस शिडीनं जाईल, माल कप्पीनं, दोरानं किंवा लिफ्टच्या मशीननं जाईल. लहान बांधकामाला एक कप्पी, चांगला दोर आणि बादली एवढ्यावर भागतं. खाली कुणी उभं राहायचं नाही एवढं सांभाळायचं.

इथं तुमच्यातल्या काहीजणी नाराज होतील, आणि त्या बरोबर आहेत. कप्पी आली, मशीन आलं, की दहा बायांच्या जागी चार पुरतात. मिक्सर आला तेव्हा हेच झालं, लिफ्ट आली तेव्हा हेच झालं, आणि मशीनवर उभा राहिला तो पुरुष. पडायचं का उपाशी राहायचं, असा हा प्रश्न आपल्यासमोर ठेवला जातो. मला वाटतं दोन्ही मागण्या जोडूनच करायच्या. मशीन आणा, आणि मशीन चालवायला आम्हाला शिकवा. हे काही स्वप्न नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरांच्या दुरुस्तीच्या कामात गावोगावचे महिला गट उतरले होते, स्वयम् शिक्षण प्रयोगसारख्या संस्था त्यांच्यासोबत होत्या. भिंत कशी बांधली म्हणजे टिकते हे बायांनी शिकून घेतलं आणि सरकारी कामावर देखरेख केली. आपल्या इथं तीस वर्षं माल वाहिलेल्या बाईच्या हातात थापी दिली जात नाही, कारण थापी आली की मजुरी वाढवावी लागते.

माल वाहायचा झालाच तर वजन बघा. केंद्राच्या १९९८ च्या बांधकाम नियमांत प्रौढ बाईनं हातानं किंवा डोक्यावरून वाहायच्या ओझ्याची मर्यादा ३० किलो लिहिली होती. सिमेंटची पोतडी ५० किलोची. ती बाईच्या डोक्यावर देणं हे तेव्हाही नियमात बसत नव्हतं. तुमचं भरलेलं घमेलं एकदा किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. आकडा कळला की बोलायला जोर येतो.

आता शिडी कशी बघायची ते सांगते. हे नीट ऐका, कारण हे आपल्या हातात आहे.

शिडी भिंतीला लावली की तिचा पाय भिंतीपासून किती लांब पाहिजे? वरचं टोक जिथं टेकलं तिथपर्यंतची उंची चार हात असेल तर पाय एक हात बाहेर. बारा हात उंच असेल तर तीन हात. याहून जवळ ठेवली तर शिडी पाठीमागं पडते, याहून लांब ठेवली तर पाय सरकतो. शिडीचं वरचं टोक आपण जिथं उतरणार त्या काठाच्या निदान तीन फूट वर गेलं पाहिजे, म्हणजे उतरताना धरायला काही राहतं. आपल्याकडं शिडी नेमकी काठापर्यंतच असते, आणि पडणं होतं ते बहुधा तिथंच, शिडीवरून स्लॅबवर पाय टाकताना. वरचं टोक दोरानं बांधलेलं पाहिजे. बांधेपर्यंत खाली एकीनं धरून उभं राहायचं. पाय विटांच्या तुकड्यांवर टेकवायचा नाही, ओल्या मातीवर नाही. एका वेळी शिडीवर एकच माणूस.

बांबूची शिडी असेल तर सकाळी पहिल्यांदा प्रत्येक पायरीवर हात दाबून बघा. बांबू चिरला आहे का, खिळे गंजले आहेत का, सुतळी सैल झाली आहे का. रात्री पाऊस झाला असेल तर बांधणीची दोरी पुन्हा तपासायची. बल्लीला दोन पट्ट्या ठोकून केलेली शिडी, जिच्या पायऱ्या एका खिळ्यावर असतात, तिच्यावर चढायचंच नाही. लोखंडी शिडी विजेच्या तारेजवळ न्यायची नाही, आणि लांब सळई वर ओढताना तर आधी तार कुठून गेली ते बघायचं. घराच्या अगदी जवळून तार गेली असेल तर काम सुरू करण्याआधी महावितरणला सांगून वीज बंद करून घेणं मालकाचं काम आहे.

परांचीच्या फळ्या बांधलेल्या पाहिजेत. एक फळी दुसऱ्या फळीवर नुसती ठेवलेली असेल, तिचं टोक आधाराच्या बाहेर लोंबत असेल, तर त्या टोकावर पाय पडला की फळी उलटते. वर जायची फळ्यांची चढण निदान दोन माणसं एकमेकींना चुकवू शकतील एवढी रुंद, तिला आडव्या पट्ट्या आणि एका बाजूला तरी धरायला कठडा. सुरक्षा संचातला पट्टा, ज्याला बेल्ट म्हणतात, तो घरात पेटीत ठेवू नका. पण तो अडकवायचा कुठं हेही विचारा. बल्लीला अडकवला तर बल्लीसकट खाली याल. पक्क्या कॉलमला, कमरेच्या वरच्या उंचीवर, आणि दोर लांब सोडायचा नाही.

आणि लेकरं. परांचीच्या खाली साडीची झोळी बांधून बाळ निजवतो आपण, सावली असते म्हणून. वरून विटेचा तुकडा, पाना, काहीही पडतं. झोळी लांब बांधा. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामाच्या जागेवरच मोबाईल क्रेशेस सुरू केलं ते अशीच लेकरं डोळ्यांनी बघून. आपल्या गावात पाळणाघर नाही, तर निदान अंगणवाडीची वेळ आणि कामाची वेळ यांचा मेळ बसवा ही मागणी ग्रामसभेत मांडता येते.

उंचावरचं काम फक्त मजुरीचं नसतं, घरातही असतं. पावसाळ्याआधी धाब्याच्या घरावर माती टाकायला कोण चढतं? कुरडया-पापड वाळवायला पत्र्यावर कोण जातं? सिमेंटचे पत्रे तर भरवशाचे नाहीतच, वर्षानुवर्षं ऊन खाऊन ते ठिसूळ होतात, आणि वरून अगदी धडधाकट दिसतात. त्यांच्यावर पाय ठेवायचा नाही. जावंच लागलं तर दोन आडव्या लाकडांवर टेकेल अशी लांब फळी टाकून तिच्यावरून. नाहीतर पापड अंगणात वाळवा, कावळ्यांनी चार खाल्ले तरी चालतील.

आता कायद्याचं. हा भाग थोडा कडू आहे. १९८५ पासून देशभरातल्या बांधकाम मजुरांच्या संघटनांनी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासारख्यांना सोबत घेऊन मोहीम चालवली, तेव्हा कुठं १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर उपकर, म्हणजे सेस, आणि त्यातून मजुरांसाठी मंडळ. महाराष्ट्राचे नियम व्हायला २००७ उजाडलं. पैसे जमले, पण मजुरांपर्यंत पोचले नाहीत. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याबद्दल सरकारांना कडक शब्दांत सुनावलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९९६ चा कायदा त्यांत सामावला गेला. मंडळ आहे, नोंदणी आहे. पण सुरक्षेच्या तरतुदी कुठल्या बांधकामाला लागू? दहापेक्षा कमी मजूर असतील तर नाही. स्वतःला राहायचं घर असेल आणि खर्च ५० लाखांच्या आत असेल तर नाही. जुन्या कायद्यात ही मर्यादा १० लाखांची होती. दुसरबीडमध्ये ५० लाखांचं घर कोण बांधतं मला सांगा? घरकुलाच्या कामावर चार-पाच माणसं असतात, त्यात दोन घरचीच. म्हणजे खेड्यातल्या बायका ज्या शिडीवर चढतात, नेमक्या त्याच शिडीला कायद्यानं वगळलं आहे.

म्हणून आपल्यासाठी नोंदणी महत्त्वाची. ती मजुराच्या नावावर असते, इमारतीच्या नाही. वय १८ ते ६०, वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला, आणि दरवर्षी नूतनीकरण. नोंदीत मजुराचा कामावर अपघाती मृत्यू झाला तर मंडळाच्या योजनेत वारसाला ५ लाख रुपये आहेत. अडचण दाखल्याची आहे. ठेकेदार सही देत नाही, ग्रामपंचायत टाळते, एजंट पैसे मागतो. आणि बऱ्याच घरांत नोंदणी फक्त नवऱ्याची असते. “एका घरात एकाचीच होते,” असं सांगणारे भेटतात. मजुरी दोघं करत असतील तर नोंदणी दोघांची करायची. खेपा, दिवस, मिस्त्रीचं नाव, घरमालकाचं नाव, हे एका वहीत रोज लिहा. लिहिता येत नसेल तर पोरीकडून लिहून घ्या.

आणि एवढं करूनही कुणी पडलंच तर? तिला काखेत हात घालून उठवून बसवायचं नाही. मान आणि कंबर न हलवता तशीच राहू द्या, १०८ ला फोन करा. गाडी यायला फारच वेळ लागणार असेल आणि हलवावंच लागलं तर चौघींनी मिळून सपाट फळीवर किंवा दारावर घ्यायचं, मान एकीनं धरून. एकीनं तिच्यासोबत जायचं आणि दोघींनी जागेवर थांबायचं. हे मी मुद्दाम सांगते. कारण तासाभरात तुटलेली शिडी गायब होते. मोबाईलवर शिडीचा, फळीचा, जागेचा फोटो काढून ठेवा. कोण कोण हजर होतं त्यांची नावं लिहा. दवाखान्यात डॉक्टरला “घरी पडली” असं सांगायला लावतात, सांगू नका. “कामावर पडली, अमक्याच्या कामावर” असंच कागदावर लिहून घ्या. मी पाहिलेल्या एका प्रकरणात बाईच्या नवऱ्याकडून ठेकेदारानं त्याच संध्याकाळी वीस हजार देऊन स्टँपवर सही घेतली. पुढं मणक्याचं ऑपरेशन निघालं आणि तो कागद पुढं करून ठेकेदार मोकळा झाला. ती बाई आता बसून शिवणकाम करते, तेही अर्धा तास सलग बसवत नाही. ऑपरेशन झाल्यावर ती मला म्हणाली होती, शिडी हलत होती हे सकाळीच दिसलं होतं, पण चढले नसते तर दुसरीला बोलावलं असतं.

हे ‘दुसरीला बोलावलं असतं’ आपण सगळ्यांनी मिळूनच मोडायचं आहे. शिडी हलते म्हणून एक बाई नाही म्हणाली, तर त्या दिवशी त्या शिडीवर या बैठकीतली दुसरी कुणीही चढणार नाही, आणि तिचा बुडालेला रोज आपण गटातून देऊ. बचत गटाच्या पुस्तकात त्यासाठी वेगळं पान करा. महिना दहा-दहा रुपये टाकले तरी दोन-तीन रोज निघतात.

ज्यांच्याकडं या आठवड्यात स्लॅब आहे त्यांनी जाण्याआधी हात वर करा. मी आणि गटाच्या दोघी सकाळी सात वाजता मोजपट्टी आणि दोर घेऊन तिथं येणार आहोत.